एचआयव्हीच्या गोळ्या, ‘नॉर्मल’ क्रिएटिनिन आणि लघवीतली साखर: किडनीचं नेमकं कुठे बिनसलंय ते कसं शोधायचं

कवठेमहांकाळ भागातल्या एका भाच्याने आत्याबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आत्याचं वय ५२, वजन ४४ किलो. बऱ्याच वर्षांपासून सांगलीच्या सिव्हिलमधून एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे. आधी टीएलई (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, एफाविरेन्झ) होती, २०२१ पासून टीएलडी (एफाविरेन्झच्या जागी डोलुटेग्राविर). गोळी चुकत नाही, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) दाबलेला आहे. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) ०.९ होतं, आता १.२ आलं. लघवीत साखर दोन प्लस, प्रोटीन एक प्लस, पण उपाशीपोटी रक्तातली साखर ९२. मांड्या, बरगड्या आणि टाचा सहा-आठ महिन्यांपासून ठणकतात, म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेते. लॅबवाला म्हणतो शुगर सुरू होतेय. गावातले डॉक्टर म्हणतात १.२ नॉर्मल आहे. शेजारीण म्हणते, ‘त्या’ गोळ्यांनीच किडनी गेली, बंद कर. करायचं काय?

डायक्लोफेनॅक आजच बंद करा. एआरटी मात्र स्वतःहून बंद करू नका. ती बदलावी लागेल असं दिसतंय, पण तो निर्णय एआरटी सेंटरच्या डॉक्टरांचा. जुनी गोळी थांबली की दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला नवी पोटात गेली पाहिजे, मधे खंड नको. ‘किडनीला विश्रांती’ म्हणून गोळ्या थांबवणं हा उपाय नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ या मोठ्या चाचणीत सीडी-४ चा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा) आकडा बघून औषध थांबवणाऱ्या गटात आजारपण आणि मृत्यू वाढले, शिवाय हृदय, यकृत आणि किडनीचे गंभीर त्रासही वाढले.

लॅबवाला, डॉक्टर आणि शेजारीण या तिघांचंही म्हणणं अर्धवट आहे. शेजारणीला कारण बऱ्यापैकी सापडलंय, उपाय चुकलाय.

१.२ आणि ४४ किलो

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. अंगावर मांस कमी असेल तर मुळात ते कमीच तयार होतं, आणि किडनी निम्म्यावर आली तरी रिपोर्टवरचा आकडा छापील मर्यादेत राहतो. म्हणून नुसता आकडा न बघता क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते, ते काढायचं. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं: १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन या आकड्याने भागा. बाईमाणूस असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा.

आत्याचं गणित: १४० वजा ५२ म्हणजे ८८. गुणिले ४४, म्हणजे ३८७२. भागिले ८६.४, म्हणजे जवळपास ४५. गुणिले ०.८५, म्हणजे ३८ मिलिलिटर प्रति मिनिट. हेच १.२ तीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या तरण्याताठ्या माणसाचं असतं तर उत्तर ८९ आलं असतं. दोघांच्या रिपोर्टवर लॅब एकच शेरा मारणार.

टीएलडीमधल्या ‘टी’साठी, म्हणजे टेनोफोविरसाठी (पूर्ण नाव टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेट, ३०० मिलिग्रॅम), ५० ही सीमारेषा धरली जाते. त्याखाली ते सुरू करत नाहीत आणि चालू असेल तर बदलतात. दोन वर्षांपूर्वी, पन्नासाव्या वर्षी, ०.९ वर आत्याचा क्लिअरन्स ५२ येत होता, म्हणजे तेव्हाच त्या काठावर होत्या. वय पन्नाशीपुढे, वजन कमी, वर दुखण्याच्या गोळ्या: टेनोफोविरचा किडनीला त्रास होण्याची जी कारणं सांगतात त्यातली तीन इथे एकत्र आली आहेत. मधुमेह, रक्तदाब, आधीचा किडनीचा आजार आणि रिटोनाविर असलेली सेकंड लाइन (पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावरची औषधं) ही बाकीची.

लॅबच्या रिपोर्टवर ‘ईजीएफआर ५४’ (किडनी किती वेगाने गाळते याचा अंदाज) असंही छापलेलं असेल. हा आकडा १.७३ चौरस मीटर अंगाच्या मापाला बसवलेला असतो. आत्यांचं अंग त्याहून बरंच लहान आहे, म्हणून त्यांच्या बाबतीत तो दिसायला बरा दिसतो. लहानखुऱ्या माणसाच्या औषधाचा निर्णय नुसत्या छापील ईजीएफआरवर घेतला की चुकतो.

डोलुटेग्राविरमुळे तर नाही ना वाढलं?

ही शंका एआरटी सेंटरमध्येही निघेल, आणि ती रास्त आहे. क्रिएटिनिनचा थोडा भाग किडनीच्या नलिका स्वतःहून लघवीत सोडतात. डोलुटेग्राविर तो दरवाजा अडवतं. त्यामुळे किडनीला काहीही न होता क्रिएटिनिन ०.१ ते ०.२ ने चढतं. पण ते चढतं गोळी सुरू झाल्यापासून पहिल्या महिनाभरात, आणि तिथेच स्थिर राहतं. आत्यांची टीएलडी २०२१ पासूनची आहे आणि वाढ गेल्या दोन वर्षांतली, तीही ०.३ ची. वेळ जुळत नाही. शिवाय डोलुटेग्राविरमुळे लघवीत साखर आणि प्रोटीन येत नाही. सेप्ट्रानच्या (जंतुसंसर्गावरच्या) गोळीतलं ट्रायमेथोप्रिमही हाच दरवाजा अडवतं आणि जोडीला पोटॅशियम वाढवतं. ती चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. तरीही खात्री हवी असेल तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी आहे, तिच्यावर या औषधांच्या अडवणुकीचा परिणाम होत नाही. महाग पडते, आणि इथे लघवीच इतकं बोलतेय की तिच्यावाचून अडत नाही.

लघवीत साखर, रक्तात नाही

या प्रश्नातला खरा धागा हा आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, कारण गाळणीतून उतरलेली साखर किडनीची पहिली नळी (प्रॉक्सिमल ट्युब्यूल) जवळजवळ सगळी परत ओढून घेते. रक्तात ९२ असताना लघवीत दोन प्लस म्हणजे ही ओढून घेणारी नळीच दमली आहे. फक्त दोन गोष्टींची खातरजमा करून घ्या. जेवणानंतरची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करा, कारण उपाशीपोटी नॉर्मल पण जेवल्यावर २२० असं असू शकतं. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू नाही ना ते बघा. त्या गोळ्यांचं कामच लघवीतून साखर घालवायचं आहे.

नळी दमते ती अशी. टेनोफोविर शरीरातून किडनीवाटेच बाहेर पडतं. रक्ताच्या बाजूने ते नळीच्या पेशीत ओढलं जातं आणि लघवीच्या बाजूने बाहेर ढकललं जातं. आत येणं जास्त आणि बाहेर जाणं कमी झालं की ते पेशीत साठतं आणि तिथल्या मायटोकॉन्ड्रियांना (पेशीला ताकद पुरवणाऱ्या भागांना) इजा करतं. परत ओढायच्या कामाला ताकद लागते, ती मिळत नाही. मग साखर, फॉस्फेट, बायकार्बोनेट, पोटॅशियम, युरिक ॲसिड आणि बारीक प्रोटीन, सगळंच लघवीत वाहून जातं. याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. क्रिएटिनिन चढण्याआधी कित्येक महिने लघवीत हे दिसू शकतं. म्हणूनच सहा महिन्यांनी क्रिएटिनिनला रक्त देतानाच लघवीची साधी तपासणीही करून घ्यावी, आणि रिपोर्टमधल्या साखरेच्या ओळीवर नजर टाकावी. ही तपासणी स्वस्तातली आहे, आणि नेमकी तीच राहून जाते.

ठणकणारी हाडं

फॉस्फेट वाहून गेलं की हाडं मऊ पडतात. मांड्या, बरगड्या, टाचा, कंबर ठणकते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, पायऱ्या चढवत नाहीत, चाल बदकासारखी होते. बहुतेक वेळा याला संधिवात किंवा ‘कॅल्शियम कमी झालं’ असं नाव मिळतं आणि दुखण्याची गोळी चालू होते. ती गोळी किडनीचा रक्तपुरवठा आखडते, टेनोफोविर आणखी साठतं, फॉस्फेट आणखी जातं, हाडं आणखी दुखतात, गोळी वाढते. आत्यांचं हेच चाललंय असा दाट संशय आहे.

डायक्लोफेनॅकच्या जागी ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड किंवा ‘कमरेचं इंजेक्शन’ हेही चालणार नाही. सगळी एकाच जातीची आहेत. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दिवसात जास्तीत जास्त चार गोळ्या, एवढ्यावर भागवा. मेडिकलवाल्याकडून ‘कॉम्बिनेशन’ घेऊ नका, त्यात पॅरासिटामॉलबरोबर बहुधा यातलंच एक असतं. भस्म घातलेल्या पुड्याही बंद. पारा आणि शिसं हे किडनीचे जुने वैरी आहेत.

उन्हाळ्यात बेदाण्याच्या शेडवर किंवा खरड छाटणीच्या कामावर जाणाऱ्या बायका पाणी मुद्दाम कमी पितात, कारण आडोशाला जायची सोय नसते. नळी आधीच दुखावलेली असताना आणि पोटात डायक्लोफेनॅक असताना अशी एक दुपारदेखील क्रिएटिनिन झपाट्याने वर न्यायला पुरते. कामावर सोबत बाटली न्या, आणि जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कोणत्या तपासण्या, आणि त्या कशा बिघडतात

रक्तात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, फॉस्फरस, कॅल्शियम, युरिक ॲसिड, अल्कलाइन फॉस्फेटेज, हिमोग्लोबिन. फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५ असावं. ते २ च्या खाली, युरिक ॲसिड २ च्या आसपास आणि अल्कलाइन फॉस्फेटेज चढलेलं, असा त्रिकोण जमला तर निदान जवळपास झालंच. युरिक ॲसिड कमी असणं ‘चांगलं’ म्हणून कोणी बघत नाही, इथे तोच सुगावा असतो.

सकाळच्या पहिल्या लघवीच्या एकाच नमुन्यातून दोन गुणोत्तरं मागा: प्रोटीन-क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन. दोन्ही हवीत. गाळणी फाटली असेल तर जाणारं बहुतेक प्रोटीन अल्ब्युमिन असतं. नळी बिघडली असेल तर एकूण प्रोटीन भरपूर, पण त्यात अल्ब्युमिन थोडं. उदाहरणार्थ प्रोटीन ९०० आणि अल्ब्युमिन २००: भागाकार ०.२२. भागाकार ०.४ च्या खाली आला की बोट नळीकडे जातं. लघवीच्या पट्टीला मुख्यतः अल्ब्युमिन दिसतं, म्हणून पट्टीवर ‘एक प्लस’ असताना प्रत्यक्षात बरंच जास्त प्रोटीन जात असू शकतं. लघवीत जळजळ असताना, ताप असताना किंवा पाळीच्या दिवसांत हा नमुना देऊ नका.

जोडीला किडनीची सोनोग्राफी, रक्तदाब, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी). मांडी किंवा खुबा एका ठिकाणी नेमका दुखत असेल तर तिथला एक्स-रेही काढा. मऊ हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि तशात ओझं उचललं तर हाड मोडतं.

नमुना कुठे देता याला महत्त्व आहे. गावच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त दुपारी मिरजेला पोहोचेपर्यंत उन्हात राहिलं आणि पेशी फुटल्या, तर पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही खोटे चढतात. आत्यांच्या बाबतीत कमी असलेलं फॉस्फरस ‘नॉर्मल’ छापून येईल आणि सगळा तपास भरकटेल. सांगली-मिरजेत लॅबमध्येच, सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. आदल्या रात्री मटण नको, शिजलेल्या मांसाने क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं. नेहमी एकच लॅब ठेवा आणि त्याच दिवशी काट्यावर वजन करा, अंदाजाने सांगू नका.

गोळी बदलताना

टेनोफोविरच्या जागी साधारणपणे ॲबाकाविर येतं: ॲबाकाविर ६००, लॅमिव्हुडिन ३००, डोलुटेग्राविर ५०, दिवसातून एकदा. ॲबाकाविर आणि डोलुटेग्राविर यांचा डोस किडनीसाठी कमी करावा लागत नाही. लॅमिव्हुडिनचा लागतो. जुन्या कोष्टकांत ५० च्या खाली १५० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. ३० पर्यंत पूर्ण डोस चालतो असा आता बऱ्याच तज्ज्ञांचा कल आहे. ३८ वर आहात तोवर डॉक्टर तिन्ही औषधांची एकत्र गोळी देतील किंवा वेगवेगळ्या गोळ्या देतील, दोन्ही चुकीचं नाही.

पण बदलाआधी हिपॅटायटिस बीचा, म्हणजे एचबीएसएजीचा, रिपोर्ट हातात हवाच. टेनोफोविर एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतं. बी असताना ते एकदम काढलं तर काही आठवड्यांत काविळीचा भडका उडू शकतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. बी पॉझिटिव्ह असेल तर टेनोफोविरचंच दुसरं रूप, टाफ २५ मिलिग्रॅम, किंवा किडनीप्रमाणे डोस ठरवलेलं एन्टेकाविर जोडतात. टाफमध्ये रक्तातलं टेनोफोविर सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी राहतं, म्हणून किडनीवरचा भारही कमी. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर टाफचं गणित बिघडतं, आणि डोलुटेग्राविरही दिवसातून दोनदा लागतं. टीबीची औषधं चालू असल्याचं लपवू नका.

ॲबाकाविरच्या पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, खोकला किंवा धाप यांतलं दोन-तीन एकत्र आलं तर लगेच सेंटरला फोन करा. ती ॲलर्जी ठरली तर ॲबाकाविर आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही. थांबवून ‘बघू या’ म्हणून परत सुरू केलेली गोळी पहिल्या वेळेपेक्षा भयंकर प्रतिक्रिया देते.

हाडांसाठी कॅल्शियम किंवा लोहाची गोळी मिळाली तर डोलुटेग्राविर तिच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्या. जेवणासोबत मात्र दोन्ही एकत्र चालतात. उपाशीपोटी एकत्र घेतली की डोलुटेग्राविर अंगी लागत नाही. पित्ताच्या पातळ औषधाला जेवणाची ही सवलत नाही, तिथे दोन आणि सहा तासांचं अंतर पाळायचंच. फॉस्फेटची भरपाई आणि डी जीवनसत्त्व रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. नुसतं कॅल्शियम खाऊन हे दुखणं जाणार नाही. किडनी म्हटलं की डाळ, दूध, अंडी तोडायला सांगणारे भेटतील. ४४ किलोच्या बाईला हे तोडून उलट नुकसान होईल, आणि दुधातलं फॉस्फेट तर त्यांना आत्ता हवंच आहे.

मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) भविष्यात कधी लागलंच तर लिहून देणाऱ्याला डोलुटेग्राविर चालू असल्याचं सांगा. त्याने मेटफॉर्मिनची पातळी वाढते आणि दिवसाला १००० मिलिग्रॅमवर जायचं नसतं, किडनी कमी असताना त्याहूनही कमी.

हे सोडून दुसरं काही असेल तर

एचआयव्ही स्वतः गाळणी बिघडवतो तो आजार, ‘हायव्हॅन’, मुख्यतः पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत असणाऱ्या एपीओएल-१ या जनुकाच्या प्रकारांशी जोडलेला आहे. आपल्याकडे तो विरळा, त्यातून व्हायरल लोड दाबलेला असताना तर आणखीच. पण अल्ब्युमिन भरपूर जात असेल, पायांवर-तोंडावर सूज असेल, लघवीत रक्तपेशी असतील किंवा क्रिएटिनिन आठवड्यागणिक चढत असेल, तर हा नळीचा मामला नाही. मिरज किंवा सांगलीत नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीतज्ज्ञाकडे) जा, बायोप्सी सांगितली तर टाळू नका. एचआयव्ही आहे म्हणून सगळं त्याच्याच माथी मारून बायोप्सी न करणं ही नेहमीची चूक. सिफिलिस, हिपॅटायटिस, मधुमेह, सगळ्यांचे उपाय वेगवेगळे आहेत.

लघवी एकदम कमी होणं, धाप, सतत उलट्या, गुंगी किंवा पोटॅशियम ६ च्या वर, यांतलं काहीही झालं तर एआरटी सेंटरच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. एचआयव्ही आहे म्हणून उपचार किंवा डायलिसिस नाकारता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि संमतीशिवाय आजाराची वाच्यता करणंही त्यात मना आहे. एचआयव्हीसाठी डायलिसिसचं वेगळं मशीन लागत नाही, ते लागतं हिपॅटायटिस बीला.

सेंटरला जाताना आणि नंतर

जुन्या सगळ्या क्रिएटिनिनचे आकडे तारखेसकट एका कागदावर ओळीने लिहा, शेजारी त्या-त्या वेळचं वजन. एआरटीचं पुस्तक, घेत असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी (मेडिकलमधून आणलेलीसुद्धा) आणि लघवीचा रिपोर्ट सोबत न्या. डॉक्टरांना इतकंच म्हणा: ‘साखर लघवीत आहे, रक्तात नाही, आणि हाडं दुखतात.’ एवढ्यावर ते पुढचं ओळखतील.

गोळी बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस आणि लघवी, मग तीन महिन्यांनी पुन्हा. फॉस्फरस आणि लघवीतली साखर काही आठवड्यांत सुधारायला लागते, हाडांचं दुखणं उतरायला काही महिने लागतात. क्लिअरन्स पूर्ण ५२ वर परत येईलच असं नाही. पुष्कळदा तो थोडा वर येऊन थांबतो, आणि थांबला हेही चालेल. व्हायरल लोड तीन ते सहा महिन्यांनी एकदा बघून घ्या, म्हणजे नवी गोळी काम करतेय हे कळेल.

टेनोफोविर बंद होऊन तीन-चार महिने झाले, दुखण्याच्या गोळ्याही बंद आहेत, तरी लघवीत साखर आणि प्रोटीन तसंच राहिलं, तर ‘औषधाचा परिणाम आहे, जाईल हळूहळू’ यावर थांबू नका. पन्नाशीपुढच्या माणसात नळी अशी बिघडवणारं दुसरं ठळक कारण मायलोमा (हाडांच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर) हे आहे. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या दोन तपासण्या तेव्हा करायच्या. हिमोग्लोबिन विनाकारण घसरत असेल किंवा कॅल्शियम जास्त आलं असेल, तर तीन महिने न थांबता आत्ताच.